परसबागेचा हंगाम

ज्या घरचीं वांगीं गाडी भरून बाजारास जातात, त्याच घरीं सायंकाळीं मेथीची जुडी विकत आणिली जाते, हें दृश्य देशावरच्या गांवांतून सर्रास पाहावयास मिळतें. कारण विचारावें तर उत्तर ठराविक असतें: "परसांत लाविली होती, पण आली नाहीं." मग माती चोपण आहे, पाणी मचूळ आहे, कोंबड्या उकरून टाकतात, बियाणें फसवें निघालें, अशीं कारणें एकामागून एक पुढें येतात. त्यांपैकीं एखादें खरेंहि असतें. परंतु अनेक वर्षें स्वतःची व शेजारपाजारच्यांची परसें पाहून प्रस्तुत लेखकाचें असें मत झालें आहे कीं, बहुतेक ठिकाणीं चूक मातीची नसून महिन्याची असते. शेतांत मृगाचा दिवस न चुकविणारा शेतकरी परसांत मात्र हाताला बीं लागेल त्या दिवशीं तें टाकतो, आणि न उगवलें म्हणजे माणूस कंटाळून परस तसेंच ओसाड ठेवितो. म्हणून या लेखांत खतें व औषधें यांचा विचार बाजूस ठेवून मुख्यतः वेळेचाच विचार करावयाचें योजिलें आहे.

ही चूक होण्यास आपणच सर्वस्वीं कारण आहों असें नाहीं. फुलांच्या व विलायती भाज्यांच्या लागवडीचें ज्ञान आपणांकडे पुष्कळसें इंग्रजी पुस्तकांतून आलें. त्या देशांत हिवाळा हा झाडांचा वैरी. तो संपला कीं मार्च-एप्रिलमध्यें पेरा सुरू होतो. आपणांकडे त्याच महिन्यांत पेरलेली पॅन्सीची वा कोबीची रोपें अंगठ्याएवढीं होण्यापूर्वींच उन्हानें करपतात. पुडीवर "वसंतांत पेरावें" असें छापलेलें असलें तरी आपला वसंत हा झाडांच्या दृष्टीनें वसंत नव्हे. कोवळ्या रोपांचा खरा सुखाचा काळ आपल्याकडे पाऊस ओसरल्यावर लागतो. उत्तर भारतांतील मैदानाचें वेळापत्रकहि येथें जसेंच्या तसें चालत नाहीं, कारण तेथील हिवाळा अधिक कडक व अधिक लांब असतो.

पुण्याचें उदाहरण घेऊं. तेथें वर्षांत सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो व तो बहुतेक जून ते ऑक्टोबर या काळांत येतो. एप्रिलांत दिवसाचें उष्णमान ३८ अंश सेल्सियसच्या आसपास जातें, तर डिसेंबर-जानेवारींत रात्रीं तें ११-१२ अंशांपर्यंत उतरतें. म्हणजे एकाच परसांत आपणांस तीन निरनिराळे देश मिळतात: एक ओला, एक थंड व एक कोरडा तप्त. कोंकणांत थंडीचा देश फारच आखूड असून पावसाचा मोठा. नागपुराकडे उन्हाळ्याचा देश अधिक क्रूर. त्या त्या ठिकाणच्या वाचकांनीं पुढील तारखा पंधरवड्यानें मागेंपुढें कराव्या. पण तत्त्व सर्वत्र एकच आहे. परसबागेचें वर्ष दोन वेळां सुरू होतें, एकदां मृगास व एकदां हस्तास. आणि या दुसऱ्या आरंभाची तयारी पावसांतच करावी लागते. बहुतेकांचें घोडें अडतें तें येथेंच.

पावसाळी भाज्यांविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं, कारण त्या आपल्या अंगवळणीं पडलेल्या आहेत. मृग ते आर्द्रा या काळांत भेंडी, गवार, चवळी, दोडका, कारलें, पडवळ, काकडी, दुध्या यांचें बीं टोकावें. वांगीं व मिरची यांचीं रोपें करून पुष्याच्या सुमारास लावावीं. वेलांना मांडव आधीं उभारावा, मग बीं घालावें. वेल जमिनीवर लोळूं लागल्यावर खांब शोधणाऱ्याची निम्मीं फळें कुजतात. भेंडीच्या पानांच्या शिरा पिंवळ्या पडल्या तर तें झाड उपटून जाळावें. हा रोग पांढऱ्या माशीनें पसरतो व रोगट झाड पुन्हां सुधारत नाहीं. 'परभणी क्रांति' ही जात याच रोगास तोंड देण्यासाठीं निवडून काढलेली आहे. परसांतल्या वालाविषयीं मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. मांडवावर चढणारा जुना गांवठी वाल ज्येष्ठांत लावला तरी आश्विनापर्यंत नुसता पानांनीं भरून राहतो, आणि गृहिणी "वांझ निघाला" म्हणून त्यास कापावयास निघते. तो वांझ नसतो. रात्र लांबल्याशिवाय त्यास फूल येत नाहीं, एवढेंच. थोडा धीर धरला तर मार्गशीर्षांत त्याच वेलाच्या शेंगा तोडतां तोडतां पुरेवाट होते.

आतां मुख्य विषय. कोबी, फुलकोबी, नवलकोल, टोमॅटो या भाज्या आणि ॲस्टर, फ्लॉक्स, पिटुनिया, डायंथस, कॅलेंड्युला हीं फुलें थंडींत जोमानें वाढावयाचीं, तर हस्त सरतां सरतां त्यांचीं रोपें जागेवर लागलीं पाहिजेत. रोप तयार होण्यास चार ते पांच आठवडे लागतात. म्हणजे बीं मघा व पूर्वा या नक्षत्रांत, ऑगस्टच्या उत्तरार्धांत किंवा सप्टेंबरच्या आरंभीं पडलें पाहिजे. त्या वेळीं आभाळ गळत असतें, वाफ्यांत चिखल असतो. म्हणून माणूस "पाऊस उघडूं दे" असें म्हणतो. पाऊस उघडतो, नवरात्र बसतें, दिवाळी येते, आणि नोव्हेंबरांत टाकलेलें बीं थंडी सरावयाच्या वेळीं फळावर येऊं पाहतें. या आळसाची किंमत सबंध हंगाम होय.

पावसांत रोप करणें अवघड नाहीं, पण त्यास थोडी युक्ति लागते. ज्या जागीं सकाळचें ऊन येतें व पागोळ्या पडत नाहींत अशी जागा निवडावी. तेथें एक मीटर रुंद व सुमारें १५ सेंटिमीटर उंच असा गादीवाफा करावा. काळ्या मातींत निम्मी बारीक वाळू व चाळलेलें, पूर्ण कुजलेलें शेणखत मिसळावें. कच्चें खत घातल्यास हुमणी व बुरशी या दोहोंसहि आमंत्रण दिल्यासारखें होतें. बोटानें आडव्या रेघा ओढून त्यांत बीं अगदीं विरळ टाकावें. दाट पेरा हा नवशिक्याचा सर्वांत मोठा दोष आहे. एका पुडींत बीं पुष्कळ असतें, आणि तें एका वितीच्या जागेंत ओतल्याशिवाय त्यास चैन पडत नाहीं! दाट उगवलेलीं रोपें बुंध्याशीं ओलीं राहतात, तेथें बुरशी लागते, आणि सकाळीं पाहावें तों सारा वाफा कापल्यासारखा आडवा झालेला असतो. यास रोपें कोलमडणें म्हणतात. झाल्यावर त्यास उपाय जवळजवळ नाहीं. न होण्यास मात्र विरळ पेरा, उंच वाफा, आणि सायंकाळीं पाणी न देणें, हे तीन उपाय पुरतात. पेरल्यावर वर बारीक खताचा पातळ थर द्यावा व गवतानें झांकावें. अंकुर दिसतांच गवत त्याच दिवशीं काढावें. एक दिवस उशीर झाला तरी रोपें लांबट व पिंवळीं होतात.

मोठ्या सरींपासून रक्षण करण्यासाठीं वाफ्यावर बांबूच्या कमानी करून मेणकापड किंवा प्लास्टिकचा कागद टाकावा; पाऊस थांबतांच तो काढून ठेवावा. झांकण कायमचें ठेवणारा माणूस रोपांस पावसापासून वांचवून उबेनें मारतो. लावणीपूर्वीं आठ दिवस पाणी हळूहळू कमी करावें, म्हणजे रोप काटक होतें. लावणी सायंकाळीं करावी. कोबी व फुलकोबी यांत हातभर, म्हणजे ४५ सेंटिमीटर अंतर पुरे. नवलकोलास त्याच्या निम्मेंच पुरतें. टोमॅटोस मात्र ६० सेंटिमीटरहून कमी देऊं नये.

फुलकोबीविषयीं थोडें अधिक लिहिणें अवश्य आहे, कारण परसांत जितकी निराशा ही भाजी करते तितकी दुसरी कोणतीहि करीत नाहीं. फुलकोबींत हळव्या व गरव्या अशा दोन मुख्य तऱ्हा आहेत. हळव्या जातीचा गड्डा थोड्या उबदार हवेंतहि धरतो. गरव्या, पांढऱ्या शुभ्र 'स्नोबॉल' जातीस गड्डा धरण्यास चांगली थंडी लागते. हळवी जात उशिरां, कार्तिकांत लावली, तर थंडी लागतांच ती घाईघाईनें गड्डा धरते. झाड लहान असल्यामुळें तो गड्डा लिंबाएवढा राहतो. उलट गरवी जात श्रावणांत लावली तर ती थंडी येईपर्यंत नुसतीं पानें काढीत बसते, आणि माघांत लावली तर गड्डा ऐन उन्हांत सांपडून विसकटतो व त्यांतून पानें डोकावतात. प्रस्तुत लेखकानें एका वर्षीं नोव्हेंबरच्या अखेरीस एका रोपवाटिकेंतून पन्नास रोपें आणिलीं. जात विचारली तेव्हां "चांगली आहे" एवढेंच उत्तर मिळालें, व त्यावर समाधान मानण्याची चूक आमच्या हातून झाली. खत, पाणी, खुरपणी कशांतहि कसर केली नव्हती. जानेवारींत पन्नास झाडांवर पन्नास लिंबें आलीं. घरांत त्यांची एकदांच भाजी झाली, आणि तिच्या प्रत्येक घांसास आमच्या ज्ञानाची चौकशी झाली. तेव्हांपासून जात व ती कोणत्या महिन्याची, हें समजल्याशिवाय आम्हीं रोप घेतलें नाहीं. दुकानदारास तें सांगतां येत नसेल तर रोप कितीहि टवटवीत असलें तरी तें सोडून द्यावें.

कांद्याचें प्रकरणहि असेंच आहे, पण तेथें कारण थंडी नसून दिवसाची लांबी हें आहे. पुण्यास वर्षांतला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आंतबाहेर असतो. ज्या विलायती जातींस गड्डा धरण्यास चौदा तास वा अधिक दिवस लागतो त्यांचा येथें कधींहि गड्डा होणार नाहीं. पात मात्र भरपूर होईल. म्हणून परदेशस्थ आप्तांनीं प्रेमानें पाठविलेलें कांद्याचें बीं पातीसाठींच पेरावें. टोमॅटोचा स्वभाव निराळा. त्यास रात्र फार उबदार झाली कीं फुलें येतात पण धरत नाहींत, गळून पडतात. एप्रिलांत फुलांनीं लहडलेलें पण फळ नसलेलें झाड पाहून लोक त्यास आणखी खत घालतात. त्यानें पाला वाढतो, फळ येत नाहीं.

पालेभाज्यांस रोपाची खटपट नाहीं. मेथी, पालक, चाकवत, कोथिंबीर, मुळा हीं सरळ वाफ्यांत पेरावीं. धने हलक्या हातानें रगडून दुभंग करावे व रात्रभर भिजवून मग पेरावे. सबंध धने पेरणारा उगवणीची वाट पाहून थकतो. एका कुटुंबास सारा वाफा एका दिवशीं पेरण्याचा उपयोग नाहीं, कारण मेथी महिन्याभरांत काढणीस येते आणि मग आठ दिवस मेथीच खावी लागते. वाफ्याचे चार तुकडे करून दर दहा-बारा दिवसांनीं एकेक पेरीत जावें. फाल्गुनानंतर कोथिंबीर व पालक फार काळ टिकत नाहींत. दिवस मोठा व तप्त झाला कीं ते पानें सोडून तुऱ्यावर येतात. त्या वेळीं त्यांचा हट्ट न धरतां माठ व राजगिरा यांकडे वळावें.

फुलांत पहिला मान झेंडूचा. दसऱ्यास झेंडू घरचा असावा ही इच्छा सर्वांस असते, पण एका वर्षीं तो वेळेवर येतो व पुढच्या वर्षीं त्याच तारखेस पेरलेला पंधरा दिवस आधीं वा नंतर फुलतो. याचें कारण झाडांत नसून पंचांगांत आहे. पावसाचीं नक्षत्रें सूर्यावर चालतात, म्हणून मृग दरवर्षीं ७-८ जूनलाच लागतो. दसरा तिथीवर, म्हणजे चंद्रावर चालतो. सन २०२३ मध्यें अधिक श्रावण असल्यामुळें दसरा २४ ऑक्टोबरला आला, तर सन २०२५ मध्यें तो २ ऑक्टोबरलाच होता; हा फरक बावीस दिवसांचा आहे. झेंडूस अधिक महिना ठाऊक नाहीं. म्हणून त्या वर्षींचें पंचांग उघडून दसऱ्यापासून सुमारें तीन महिने मागें मोजावे व त्या दिवशीं बीं टाकावें. शेंडा खुडल्यास फुलें अधिक येतात पण थोडीं उशिरां येतात, हें मोजणींत धरावें. ज्यास दिवाळीसहि फुलें हवीं असतील त्यानें तीन आठवड्यांनीं दुसरा वाफा टाकावा.

शेवंतीस वालाप्रमाणेंच लांब रात्र हवी. आमच्या ओळखीच्या एका घरीं अंगणाच्या एका बाजूची शेवंती मार्गशीर्षांत पिंवळीधमक होई आणि दुसऱ्या बाजूच्या झाडांस कळीहि नसे. माती एक, खत एक, मुनवे एकाच झाडाचे. पुष्कळ दिवस कोणास उलगडा होईना. पुढें ध्यानांत आलें कीं, न फुलणाऱ्या झाडांवर ओसरीवरील विजेचा दिवा रात्रभर जळत असे. त्या प्रकाशानें झाडास रात्र झाल्याचें कळतच नव्हतें. दिव्यास आडोसा केला आणि पुढल्या वर्षीं दोन्ही बाजू बरोबरीनें फुलल्या. हल्लीं गल्लोगल्लीं दिवे झाले आहेत. तेव्हां शेवंतीची जागा निवडतांना दिवसाच्या उन्हाबरोबर रात्रीचा अंधारहि पाहावा.

गुलाबाची छाटणी पाऊस संपतांच ऑक्टोबरांत करावी. सुमारें दीड महिन्यानें पहिला बहर येतो व तो थंडींत टिकतो. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्यें जानेवारींत पुष्पप्रदर्शन भरतें, त्याचा महिना सहज ठरलेला नाहीं. देशावर विलायती फुलें त्याच सुमारास भरांत असतात. मोगऱ्याचा क्रम याच्या अगदीं उलट. त्यास थंडींत खाऊंपिऊं घालूं नये. डिसेंबरांत पाणी तोडावें, पानें झडूं द्यावीं, जानेवारींत छाटून आळें उकरावें, खत घालून मग पाणी सुरू करावें. चैत्रांत घर सुवासानें भरून जातें. बारमास पाणी पाजलेला मोगरा पानांनीं गर्द दिसतो, पण फुलांच्या बाबतींत कद्रू होतो. निशिगंधाचे कंद उन्हाळ्याच्या अखेरीस लावावे. जाई-जुई पावसाच्या, कुंद थंडीचा. या आपल्या जुन्या फुलझाडांस कोणी पुस्तक वाचून लावीत नाहीं, आणि तीं क्वचितच फसतात.

उन्हाळ्याच्या देशाविषयीं एकच नियम सांगतां येईल: होळीनंतर परसांत नवीन कांहीं आरंभूं नये. काकडी, दुध्या, कारलें, भेंडी, गवार हीं उन्हाळ्यासाठीं हवीं असतील तर जानेवारीच्या अखेरीस वा फेब्रुवारींत टोकावीं, म्हणजे ऊन तापण्यापूर्वीं त्यांची मुळें खोल जातात. उशिरां टोकलेल्या वेलांवर मोठे दिवस व उष्णता यांमुळें नर फुलेंच फार येतात. ज्या फुलाच्या मागें इवलें फळ असतें तें मादी. तें दिसेल त्या दिवशीं ताजें नर फूल तोडून त्याचे पराग तिच्या तोंडास हलकेच लावावे. काकडीचें हें काम सकाळीं करावें, दुध्याचें मात्र सायंकाळीं, कारण त्याचीं फुलें तिन्हीसांजेस उमलतात. परसांत मधमाशी कमी झाली असेल तेथें या दोन मिनिटांच्या कामानें भाजी मिळते. झाडांच्या बुडाशीं उसाचें पाचट किंवा वाळलेला पाला चार बोटें जाड पसरावा. त्यानें पाण्याची एखादी पाळी सहज वांचते.

पाण्याचा प्रश्न निघालाच आहे तर मोरीच्या पाण्याविषयीं सांगितलें पाहिजे. मोरीचें पाणी परसांत सोडण्याची आपली चाल जुनी व चांगली आहे. परंतु ती पडली त्या काळीं भांडीं राखेनें घांशीत. आज त्या पाण्यांत साबणाची पूड असते व तिजबरोबर सोडियमचे क्षार येतात. काळ्या जमिनींत ते सांठत गेले म्हणजे माती चिकट व घट्ट होते, पाणी वरच्यावर तुंबतें, आणि चार-पांच वर्षांनीं मालक म्हणतो कीं, परसाची माती बिघडली. म्हणून हें पाणी एकाच वाफ्यास नित्य देऊं नये. तें केळ, अळू, कर्दळ यांच्याकडे वळवावें. पालेभाज्यांस व रोपांस तें अजिबात नको. तांदूळ व भाज्या धुतलेलें पाणी निराळें धरून तें मात्र कोठेंहि वापरावें.

बीं धरावयाचें तें भेंडी, वाल, दोडका, काकडी, झेंडू अशा सहज मिळणाऱ्या पिकांचें धरावें. पहिल्या वा शेवटच्या फळाचें न धरतां मधल्या बहरांतील निरोगी झाडाचें एखादें फळ खूण बांधून राखावें व तें झाडावरच पूर्ण पिकूं द्यावें. संकरित जातीचें बीं पुढील वर्षीं आईसारखें निघत नाहीं, म्हणून त्याचा लोभ नको. बीं सावलींत वाळवून कोरड्या राखेबरोबर घट्ट बुचाच्या बाटलींत भरावें, आणि बाटलीवर चिठ्ठी चिकटवून तींत पिकाचें व जातीचें नांव, तसेंच तें कोणत्या नक्षत्रांत टाकावयाचें हेंहि लिहून ठेवावें. आमच्या घरीं या बाटल्या एकाच फळीवर पेरणीच्या क्रमानें मांडलेल्या असतात. मृगाच्या डावीकडे, मघेच्या मधोमध, आणि उन्हाळ्याच्या अगदीं उजव्या टोंकास.